शेवटच्या बाकासाठी पडदा

शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टर आला की पडद्याची चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, चांगला चमकदार पडदा विकत घेऊ. कोणी म्हणतो, घरची चादर काय वाईट? निर्णय घेण्यापूर्वी चादरीवरच एक प्रयोग करून पाहा.

अंधाऱ्या खोलीत पांढरी चादर टांगून तिच्यावर चित्र पाडा आणि मागच्या बाजूला जा. चित्र तेथेही दिसेल, मात्र डावे-उजवे बदललेले. हा सारा प्रकाश पुढच्या प्रेक्षकांच्या वाट्यातून गेला. आता चादरीचा एक कोपरा पाण्याने भिजवा. तो पुढून काळपट आणि मागून अधिक उजळ दिसेल. असे का? सुताचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. धाग्यांमधील हवेची जागा पाण्याने घेतली की दोहोंतील फरक कमी होतो, परावर्तन घटते व प्रकाश आरपार निघून जातो.

म्हणजे चादरीपेक्षा गिलावा केलेली भिंत बरी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथे कापडाला बुरशी धरते ती वेगळीच. जांभ्याचा उघडा चिरा तांबडा आणि छिद्रांचा, तो उपयोगाचा नाही. भिंत गुळगुळीत करून तिला बिनचकाकीचा पांढरा रंग द्यावा. तैलरंग नको, त्यात प्रोजेक्टरचा दिवाच चमकतो.

मग विकतचा चमकदार पडदा? पडदा स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही, मिळालेला वाटून देतो. साधा पांढरा पडदा अनियमित परावर्तनाने सगळीकडे जवळजवळ सारखा वाटतो. बारीक काचमण्यांचा पडदा तो बराचसा आल्या दिशेने परत पाठवतो. मधल्या रांगेतील मुले खूश होतात, कडेच्या बाकांवरच्या मुलांना मात्र चित्र फिके दिसते. शिवाय प्रोजेक्टर छताला टांगलेला असेल, तर ही जादा चमक छताकडेच परत जाते! रुंद सभागृहासाठी मी साधाच पडदा घेईन.

खरा शत्रू असतो खोलीतला उजेड. ३,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर २.४ मीटर रुंद व १.३५ मीटर उंच पडद्यावर सुमारे ९२५ लक्स प्रकाश टाकतो. उघड्या खिडक्यांतून पडद्यावर ३०० लक्स येत असतील, तर चित्रातला पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम चौपट उजळ होतो. खिडक्या झाकून ते ३० लक्सवर आणा, हेच प्रमाण बत्तीसपट होईल. पडदा दीडपट रुंद व दीडपट उंच केला, तर तोच प्रकाश सव्वादोनपट क्षेत्रावर पसरतो. मोठ्या पडद्याचा हव्यास येथे नडतो. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० च्या दशकात शांबरिक खरोलिकेचे खेळ करीत. त्यांच्या दिव्याला तर अंधाराशिवाय गत्यंतरच नव्हते.

रत्नागिरीला समुद्र पश्चिमेस आहे. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून येऊन पूर्वेच्या भिंतीवर पडते, तेव्हा शक्यतो उत्तर वा दक्षिण भिंत निवडावी. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात ठोकलेला खिळा सैल होण्याची भीती असते. जड पडदा तुळईला टांगावा. आकडे न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावेत, खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून सुमारे १.२ मीटर वर असावी, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत. प्रोजेक्टरचा झोत तिरका पडला तर चौकट समलंब होते, हेही पाहावे.

आता शेवटचा बाक. तो १२ मीटरांवर आहे असे समजा. निरोगी डोळ्याला तेथून सुमारे १७ मिलिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. आपल्या लिपीत तर मात्रा आणि अनुस्वारही वाचायचे असतात, म्हणून तिप्पट, म्हणजे ५ सेंटिमीटरांचे अक्षर धरा. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी ‘मदत’ आणि ‘मंदत्व’ हे शब्द एवढ्या अक्षरांत कागदावर लिहून ठरलेल्या उंचीवर धरा, खिडक्या झाका, आणि वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाला शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसवून वाचायला सांगा.