जन्मापूर्वी मादक द्रव्यांची बाधा झालेली अर्भके व त्यांचे कुटुंब

गर्भवती स्त्री जे मादक द्रव्य सेवन करते, त्याचा काही अंश वारेतून गर्भाच्या रक्तात उतरतो. अफू, हेरॉइन, तसेच व्यसनातून सुटण्यासाठी डॉक्टरांनी दिलेले मेथाडोन, ह्या सर्वांस हे लागू आहे. कित्येक महिने हे द्रव्य मिळत राहिल्यामुळे गर्भाच्या मज्जासंस्थेस त्याची सवय जडते, आणि जन्मानंतर नाळ कापली की पुरवठा एकाएकी तुटतो. मग बहुधा पहिल्या दोनतीन दिवसांत, मेथाडोनच्या बाबतीत कधी चारपाच दिवसांनीही, अर्भक कापू लागते, कर्कश स्वरात रडते, वरचेवर शिंकते व जांभया देते. त्यास दूध नीट ओढता येत नाही, जुलाब होतात, झोप लागत नाही.

अशा मुलास 'जन्मजात व्यसनी' म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती सर्वथा चुकीची होय. व्यसन म्हणजे हानी दिसत असूनही द्रव्यामागे धावणे. चार दिवसांच्या अर्भकाच्या ठायी ही वासना कोठून येणार? त्याच्या शरीराची सवय मोडत असते, इतकेच. आणि योग्य शुश्रूषेने ही अवस्था ओसरते.

ही शुश्रूषा कोणी करावी, ह्याविषयी मात्र मते पालटत गेली. अमेरिकेत डॉ. लोरेटा फिनेगन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७५ साली लक्षणांना गुण देण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली. दर तीनचार तासांनी परिचारिकेने गुण मोजावेत व ते वाढल्यास मॉर्फीनचे थेंब द्यावेत, अशी वहिवाट त्यातून रूढ झाली. पद्धती काळजीपूर्वक आखलेली होती. परंतु बहुतेक ठिकाणी अर्भक अतिदक्षता विभागाच्या प्रखर उजेडात व गजबजाटात राही, आणि माता केवळ भेटीस येणारी पाहुणी ठरे.

कनेक्टिकट राज्यातील येल विद्यापीठाच्या बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम उलटा केला. मूल पुरेसे दूध पिते काय, तासभर सलग झोपते काय, आणि रडू लागल्यास दहा मिनिटांत शांत होते काय, एवढेच त्यांनी पाहिले. उत्तर नकारार्थी आले तर प्रथम अंधारलेली शांत खोली, मातेची ऊब व तिचे दूध, औषध त्यानंतर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तानुसार रुग्णालयातील सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आला. पुढे २६ रुग्णालयांतील १,३०५ अर्भकांवर ह्या पद्धतीची परीक्षा झाली. २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नेहमीच्या पद्धतीत ५२ टक्के अर्भकांना औषध द्यावे लागले, नव्या पद्धतीत १९.५ टक्क्यांना. दुपट्यात गुंडाळून मांडीवर जोजविणे हा उपचार आहे हे ऐकून आपल्या घरांतील आज्यांना आश्चर्य वाटणार नाही. आकड्यांनी ते सिद्ध होण्यास मात्र इतका काळ लागला.

मातेस दूर ठेवण्यामागे पुष्कळदा तिरस्कार असतो, आणि तिलाही तो कळतो. मूल काढून घेतील ह्या भयाने कित्येक स्त्रिया गरोदरपणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. काही जणी घाबरून द्रव्य एकदम सोडतात, व थोड्याच दिवसांत पुन्हा त्याकडे ओढल्या जातात. ह्यास्तव डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन अथवा ब्युप्रेनॉर्फीन चालू ठेवणे हाच सुरक्षित मार्ग समजला जातो. उपचार स्थिर असून दुसरे काही मादक सेवन नसेल व अन्य वैद्यकीय अडचण नसेल, तर अशा मातेने मुलास अंगावर पाजावे; औषधाचा फारच अल्प अंश दुधात उतरतो.

घरी गेल्यावर मूल कित्येक आठवडे चिडचिडे राहू शकते. कुटुंबातील माणसांनी आळीपाळीने त्यास सांभाळावे, म्हणजे मातेस झोप मिळेल. मूल उताणे निजवावे. मातेचे औषध कुलपात ठेवावे, कारण त्याचा एक घोटही बालकाच्या प्राणावर बेतू शकतो.

खरा धोका पुढेच असतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मातांना अतिमात्रेची बाधा होण्याचे प्रमाण गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत सर्वांत कमी, तर प्रसूतीनंतर सातव्या ते बाराव्या महिन्यांत सर्वांत अधिक आढळले. म्हणजे बारसे होते, पाहुणे परततात, रुग्णालयाचे कागद मिटतात, आणि सर्वांचे लक्ष ओसरल्यावर संकट येते. वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली सिअॅटल येथे सुरू केलेल्या उपक्रमात ह्याच कारणास्तव एक कार्यकर्ती मातेच्या घरी तीन वर्षे येत राहते. उपचार, निवारा, मुलाच्या लसी, कचेरीतील अर्ज, सर्वांत ती सोबत करते. आणि माता मधेच पुन्हा व्यसनात घसरली तरी तिचे नाव यादीतून काढले जात नाही.