माझे 'चिचि', तुमचे 'ओतोओसान'

तोक्योत नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. बाबा साताऱ्याहून येणार होते. त्यांना आणायला नारिता विमानतळावर जायचं, म्हणून साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. म्हणालो, "ओतोओसान गा इराश्शाइमासु." साहेब एकदम सावरून बसले. "कोणाचे वडील?" एखाद्या ग्राहकाचे वडील येताहेत, असं त्यांना वाटलं होतं.

दुपारी शेजारच्या सहकारी बाईंनी कागदावर दोन रकाने आखून दिले. आपल्या माणसांबद्दल बाहेर बोलताना चिचि, हाहा, आनी, आने, त्सुमा. दुसऱ्याचे वडील, आई, थोरला भाऊ, थोरली बहीण, बायको यांना ओतोओसान, ओकाआसान, ओनीसान, ओनेसान, ओकुसान. हे शब्द मला परीक्षेपुरते पाठ होते. तरी बोलताना 'ओतोओसान' निसटलं, आणि मोठा घोळ झाला तो क्रियापदात. आपण 'बाबा आले' म्हणतो, 'बाबा आला' कधीच नाही. तीच सवय मला 'इराश्शाइमासु' या आदरार्थी रूपाकडे घेऊन गेली. तिथे परक्यासमोर आपलं माणूस आपल्या बाजूचं, म्हणून साधं 'चिचि गा किमासु', फार तर नम्रतेचं 'माइरिमासु'. आधी मला हे फार लागलं. वडिलांना कमी लेखायचं? पण मान ऐकणाऱ्याला द्यायचा असतो, वडिलांचा काढून घ्यायचा नसतो. घरात जपानी मुलगाही वडिलांना 'ओतोओसान' अशीच हाक मारतो. कचेरीतही हीच रीत: बाहेरच्याचा फोन आला, की आपल्या साहेबांच्या आडनावापुढचं आदराचं 'सान' गळतं.

शिकणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो, हे शब्द देवनागरीत उतरवून घेऊ नका, पहिल्या दिवसापासून हिरागाना या जपानी लिपीत लिहा. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपला 'बा' मुळातच दीर्घ, त्यामुळे आपल्या तोंडून मावशीची आजी होते. चाळिशीतल्या बाईंना ते बोचतं. ओळखीच्या बाईंना तर यातलं काहीच नको, आडनावाला 'सान' लावा. आणि शब्द सुटा पाठ करू नका, क्रियापदासकट अख्खं वाक्य तोंडात बसवा.

पुढच्या आठवड्यात बाबांना कचेरी दाखवायला नेलं. "चिचि देसु," मी म्हणालो. साहेब उठले, कमरेत वाकले आणि त्यांनी बाबांना 'ओतोओसान' म्हटलं.