बरं वाटलं, तरी गोळी सोडू नका

प्रश्न : ग्रेव्हज आजारासाठी तीन महिने कार्बिमाझोल घेते आहे. धडधड थांबली, वजनही भरलं. आता गोळी बंद करू का?

उत्तर : इतक्यात नको. धडधड थांबली म्हणजे थायरॉइडची संप्रेरकं आटोक्यात आली. थायरॉइडला चेतवणारी प्रतिपिंडं मात्र रक्तात अजून असू शकतात. म्हणूनच हा उपचार साधारण १२ ते १८ महिने चालतो आणि थांबवण्यापूर्वी प्रतिपिंडांची तपासणी करतात. मध्येच सोडल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. गोळीच्या दुष्परिणामांची भीती वाटत असेल, तर ती रास्त आहे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. पण त्यासाठी गोळी सोडायला नको, सावधगिरी हवी : ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. गर्भधारणेचा विचार असल्यास त्यांना आधीच सांगा.