बातमी आणि वाट : यंत्रानें मिळणाऱ्या माहितीचा बागाईतदारानें उपयोग कसा करावा

शेतीच्या धंद्यांत दोन प्रकारचीं कामें असतात. एक पिकविण्याचें व दुसरें ठरविण्याचें. पिकविण्याचें काम शेतांत होतें. ठरविण्याचें काम बहुधा बांधावर, ओसरीवर किंवा एस्. टी.ची वाट पाहत असतां होतें. बहार कोणता धरावा, पाणी आज द्यावें कीं चार दिवसांनीं, माल जागेवर द्यावा कीं बाजारांत न्यावा, हे प्रश्न वर्षांतून अनेकदां उभे राहतात, आणि वर्षाचा नफातोटा पुष्कळ अंशीं त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतो.

अलीकडे या ठरविण्याच्या कामीं मदत करणारीं साधनें खेडोपाडीं आलीं आहेत. मोबाईलवर बाजारभाव येतो, जमिनींत पुरलेला मापक ओलावा सांगतो, उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची स्थिति कळते. गांवच्या सोसायटीनें अगर बागाईतदारांच्या गटानें यांवर पैसा खर्च करावा काय, आणि करावयाचा तर कशावर, हा प्रश्न आतां सभांतून निघूं लागला आहे. त्याचें उत्तर जाहिरातीवरून न देतां, ज्यांनीं हा विषय मोजूनमापून पाहिला त्यांच्या अनुभवावरून द्यावें, या हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

वरकुट्याचा हिशेब

प्रथम घरचें उदाहरण घेऊं. इंदापूर तालुक्यास एका अंगानें भीमा व उजनीचा जलाशय आणि दुसऱ्या अंगानें नीरा असली, तरी मधला मुलूख पर्जन्यछायेचा आहे. म्हणून कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाकडे या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी वळले. समजा, वरकुटे येथील एका बागाईतदाराकडे आज ४०० किलो डाळिंब तोडणीस आलें आहे. व्यापारी बागेंत येऊन किलोस ९० रुपये देण्यास तयार आहे. इतक्यांत मोबाईलवर बातमी येते कीं, पुण्यास त्याच प्रतीच्या मालास १०२ रुपये भाव निघाला. बातमी खरी आहे. मग माल पुण्यास न्यावा काय?

टेंपोचें भाडें ६,००० रुपये धरूं. हमाली, तोलाई व क्रेट यांचा खर्च किलोस ४ रुपये धरूं. पुण्यास ४०,८०० रुपये येतील. त्यांतून ७,६०० वजा जातां ३३,२०० उरतील. बागेंत मात्र ३६,००० मिळत होते. बातमी ऐकून पुण्यास जाणारा मनुष्य २,८०० रुपये गमावून परत येईल. त्याला पुण्याचा भाव १०९ रुपयांच्या वर गेल्याखेरीज जाण्यांत अर्थ नाहीं.

आतां असेच पांच बागाईतदार एकत्र आले व त्यांनीं २,००० किलो माल एकाच गाडींत भरला, असें समजा. मोठ्या गाडीचें भाडें ८,००० रुपये, इतर खर्च ८,००० रुपये. विक्री २,०४,००० रुपये. खर्च वजा जातां १,८८,००० उरले. बागेंत १,८०,००० मिळाले असते. म्हणजे ८,००० रुपये अधिक, प्रत्येकास १,६०० रुपये. त्यांची सीमा ९८ रुपयांवर आली.

हे आंकडे केवळ समजुतीकरितां घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या गाडीभाड्याचे व खर्चाचे खरे आंकडे घालून हा हिशेब स्वतः करावा. परंतु त्यांतील तत्त्व पक्कें आहे. बातमी तीच, मोबाईल तोच. एकट्यास ती तोट्याची झाली व पांचांस नफ्याची. बातमीबरोबर वाटही हातीं असावी लागते.

बाजारभावाच्या बातमीची परीक्षा

हें तत्त्व केवळ कागदावरचें नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत त्याची परीक्षा झाली आहे. २००७ सालीं रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें शेतकऱ्यांस मोबाईलवर भाव, हवामान व पिकाची माहिती पुरविण्याची वर्गणीची योजना येथें सुरू केली. मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा उपयोग किती होतो हें पाहण्यासाठीं १०० गांवें निवडलीं. कोणत्या गांवांतील शेतकऱ्यांस सेवा द्यावी हें चिठ्ठ्या टाकाव्यात तसें ठरविलें, म्हणजे हुशार शेतकरी एका बाजूस व साधे दुसऱ्या बाजूस असा पक्षपात राहिला नाहीं. पिकांत डाळिंब, कांदा व टोमॅटो हींही होतीं. २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना सेवा मिळाली त्यांनीं सांगितलें कीं, आम्हीं या माहितीचा विचार करून कित्येक गोष्टी ठरविल्या. बाजार निवडण्यांत व मालाची प्रतवारी करण्यांत थोडा फरक दिसलाही. परंतु हातीं पडलेल्या भावांत सरासरीनें मोजण्याजोगी वाढ आढळली नाहीं; वादळी पावसानें होणारें नुकसानही कमी झालेलें आढळलें नाहीं.

यावरून माहिती निरुपयोगी असते असें कोणी म्हणेल, तर तेंही खरें नाहीं. रॉबर्ट जेन्सन यांनीं केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळांत मोबाईल आल्यावर मासेमाऱ्यांचें काय झालें तें मोजलें. पूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाहीं म्हणून मासळी फेंकून द्यावी लागे, आणि कांहीं कोसांवरील बंदरांत गिऱ्हाईक मासळीवांचून परत जाई. मोबाईल आल्यावर होडी समुद्रांत असतांनाच कोणत्या बंदरास लावावी हें ठरूं लागलें. नासाडी जवळजवळ थांबली, मासेमाऱ्यांचा नफा सरासरीनें सुमारें ८ टक्के वाढला आणि खाणाराचा भाव सुमारें ४ टक्के उतरला. दोन्हीं पक्षांचें हित झालें.

तिसरें उदाहरण मध्यप्रदेशाचें. तेथें आय. टी. सी. या कंपनीनें २००० सालापासून गांवोगांव संगणकाचीं केंद्रें उघडलीं. त्यांवर सोयाबीनचा भाव कळे, आणि कंपनी स्वतःही आपल्या केंद्रांवर माल विकत घेई. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, या योजनेमुळें मंड्यांतील सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनीं वाढला; म्हणजे कंपनीस माल न विकणारासही लाभ झाला.

तिन्ही उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. केरळांत होडीचें सुकाणूं मासेमाऱ्याच्या हातीं होतें. मध्यप्रदेशांत मंडीखेरीज दुसरें गिऱ्हाईक उभें राहिलें. महाराष्ट्रांतील त्या योजनेंत बातमी पोहोंचली. पण लहान शेतकऱ्याची गाडी, त्याचा नेहमींचा बाजार व ओळखीचा अडत्या तेच राहिले. भाव न वाढण्याचें कारण बहुधा यांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

वारणेचा अनुभव

भावाच्या बातमीहून निराळें असें एक काम आहे, तें म्हणजे संस्था व सभासद यांमधील नोंदींचें. त्याचा धडा वारणानगरास मिळतो. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या सहकारी परिवारांत १९९८ सालीं शासनाच्या साहाय्यानें कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवांसाठीं संगणकयोजना झाली. त्या संगणकांवरून शेतीचें ज्ञान, शिक्षण, सरकारी कामें असें पुष्कळ कांहीं मिळेल अशी कल्पना होती. कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं पाहिलें, तों मुख्य उपयोग साखर कारखान्याच्या कामाचाच होत होता : खताची मागणी, उसाचें वजन, बिलाची रक्कम.

तेव्हां २००६–०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेनें सात गांवांत आठ महिने दुसरा प्रयोग केला. संगणकाऐवजीं साधा मोबाईल व त्यावरील छोटा संदेश यांनींच तें काम चालविलें. संगणकावर होणारीं सर्व कामें मोबाईलनें झालीं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांस तीच रीत अधिक आवडली. तात्पर्य, मोठें यंत्र तें चांगलें असा नियम नाहीं. जें काम नित्य पडतें त्यास पुरेल इतकेंच यंत्र घ्यावें.

द्राक्षाची नोंदवही

नोंद अनेकांनीं मिळून ठेवली म्हणजे काय साधतें, हें द्राक्षबागाईतदार जाणतात. २००३ सालीं नेदरलंडमध्यें आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सांपडला व निर्यातीस धक्का बसला. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेनें २००६ सालीं ग्रेपनेट ही नोंदपद्धति सुरू केली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषि खात्याकडे नोंदली जाते व तिला क्रमांक मिळतो; प्रयोगशाळा, माल बांधणारें केंद्र व निर्यातदार हे सर्व त्याच क्रमांकावर आपापली नोंद करितात. परदेशांत पेटींत दोष निघाल्यास ती कोणत्या बागेंतील हें शोधतां येतें, आणि एकाच्या चुकीनें सर्वांचा माल संशयांत पडण्याचा धोका कमी होतो. डाळिंबासाठीं अनारनेट ही त्याच धर्तीची पद्धति आहे.

तथापि २०१० सालचा प्रसंग विसरूं नये. त्या वर्षीं युरोपांत द्राक्षांमध्यें क्लोरमेक्वाट, ज्यास बागाईतदार सी. सी. सी. म्हणतात, त्याचा अंश आढळून माल अडला. तें द्रव्य येथील तपासणीच्या यादींतच नव्हतें. नोंदवही उत्तम होती, पण तींत जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचें उत्तर ती देऊं शकली नाहीं, आणि तोटा बागाईतदारांच्या माथीं आला. यंत्रावर विश्वास ठेवावा. पण त्यास काय विचारलें आहे हेंही पाहावें.

बारामतीचा प्रयोग

आपल्या शेजारीं बारामतीस १९७१ सालीं स्थापन झालेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें व तिच्या कृषि विज्ञान केंद्रानें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्यानें उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हातीं घेतला आहे. २०२४ पासून तो शेतकऱ्यांच्या शेतांवर नेण्यांत आला. जमिनींतील मापक, हवामानाचें यंत्र व उपग्रहाचीं चित्रें यांवरून पाणी, खत व रोग यांविषयींची सूचना शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. राज्य शासनानेंही २०२५ सालीं शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें आहे.

हा प्रयोग जाऊन पाहण्यासारखा आहे. मात्र पाहतांना तोच प्रश्न मनांत ठेवावा. ज्याच्या विहिरीस पाणी आहे व ठिबक आहे, तो ‘आज पाणी देऊं नका’ या सूचनेवर आजच वागूं शकतो. ज्याचें पाणी कालव्याच्या पाळीवर अगर रात्रीच्या विजेवर अवलंबून आहे, त्यानें पाळी सोडली तर पुढची केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं. त्याच्यापुढें सूचना बरोबर असूनही वाट बंद असते. अशा ठिकाणीं मापकापेक्षां शेततळें आधीं लागतें.

खरी अडचण

डाळिंबावरील तेल्या रोग जीवाणूंचा आहे. तो पावसाच्या थेंबांनीं व वाऱ्यानें, दूषित कात्र्यांनीं व रोपांनीं एका बागेंतून दुसरींत जातो. पांच शेजाऱ्यांनीं एकमेकांस वेळेवर कळविलें तर पांचही सावध होतात. परंतु ज्याच्या बागेंत पहिला डाग दिसतो तो बहुधा बोलत नाहीं. व्यापाऱ्याच्या कानीं गेलें तर आपला भाव पाडला जाईल अशी त्यास भीति असते, आणि ती खोटी नाहीं. ही अडचण कोणतेंही यंत्र दूर करीत नाहीं. गटानें आधींच ठराव करावा कीं, रोगाची बातमी गटाबाहेर जाणार नाहीं, आणि जो प्रथम सांगेल त्याच्या बागेंत सर्वांनीं हात लावून रोगट फांद्या काढून जाळाव्या. असा ठराव नसेल तर गटाचा मोबाईलवरील संदेशसमूह केवळ नमस्कार-चमत्काराचा होतो.

खर्चापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

कोणत्याही साधनावर वर्गणी काढण्यापूर्वीं सभेंत पुढील चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून घ्यावीं.

१. या साधनामुळें आपला कोणता निर्णय बदलेल? निर्णयाचें नांव सांगतां येत नसेल तर खर्च करूं नये.

२. निर्णय बदलला तर त्याप्रमाणें वागण्याची वाट, म्हणजे गाडी, पाणी, दुसरें गिऱ्हाईक, आपल्या हातीं आहे काय? नसल्यास प्रथम वाटेवर खर्च करावा.

३. तोटा झाल्यास तो कसा वांटावयाचा? वरील हिशेबांत गाडी पुण्यास पोहोंचेपर्यंत भाव ९६ रुपयांवर आला, तर पांचांस मिळून ४,००० रुपये तोटा होईल. तो आधीं ठरविलेल्या प्रमाणांत वांटला नाहीं, तर पुढच्या खेपेस गाडी भरणार नाहीं.

४. आपल्या शेताची नोंद कोणाच्या ताब्यांत राहील, व सेवा सोडल्यास ती आपणांस परत मिळेल काय?

आरंभ मोठा करण्याची गरज नाहीं. दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढण्याची सोय कायद्यांत आहे. पण तीही पुढची गोष्ट झाली. यंदाच्या बहारापुरते पांच शेजारी एकत्र यावे. एका वहींत प्रत्येक विक्रीची तारीख, वजन, प्रत, बाजार, भाव, गाडीभाडें व हातीं आलेली रक्कम लिहावी, आणि त्या दिवशीं मोबाईलवर काय भाव आला होता तोही शेजारीं लिहावा. हंगाम संपल्यावर दोन रकाने ताडून पाहावे. कोणती बातमी कामाची होती व कोणत्या वेळीं वाट नव्हती, हें ती वहीच सांगेल. पुढच्या वर्षीं यंत्र घ्यावयाचें कीं गाडी ठरवावयाची, याचा निर्णय त्या वहीवरून करावा.