सीप्झच्या कुंपणाशी वकिली

पुणे

चि. सानिका,


फोर्टातल्या ऑफिसात तुला पेटंट-कॉपीराइटचं काम मिळालं, हे सांगताना ताईचा आवाज फोनवरच भरून आला. आता आरेहून मेट्रो ३ थेट हुतात्मा चौकात जाते, तिथून हायकोर्ट चालत. (२०१९ च्या ऑक्टोबरात कारशेडसाठी रातोरात झाडं पाडली, ती याच मेट्रोपायी. सोय झाली म्हणून ते विसरायचं नाही.)

तुझे बरेचसे अशील सीप्झ आणि पवईच्या सॉफ्टवेअर कंपन्या असणार, म्हणजे तुमच्या आरे कॉलनीचे शेजारीच. या कामात कोर्टातली जुगलबंदी थोडी आणि कागद फार. तेही भांडण लागायच्या आधीचे. पहिल्या बैठकीत मालक आपलं अ‍ॅप किती भारी आहे ते सांगत सुटेल. ऐकून घे आणि मग विचार: कोड लिहिला कोणी? पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क कंपनीचा. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिला असेल, तर त्याचे पैसे चुकते करूनही हक्क त्याचाच, लेखी हस्तांतर होईपर्यंत. इथे मालकाचा चेहरा उतरतो आणि कुठून तरी उचललेला एकपानी करार पुढे सरकतो. तो शब्दन् शब्द वाच. मुदत लिहिली नसेल तर कलम १९ पाच वर्षंच धरतं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्याचं निम्मं गिऱ्हाईक दुबईत, त्याने करायचं काय? जमीन घेताना सातबारा बघतात तसा कोडचा उतारा काढायला शीक. ओपन सोर्सचा कुठला तुकडा कोणत्या परवान्याखाली घेतलाय, तेही त्यात आलं. गुंतवणूकदाराचे वकील नेमकं हेच उकरतात.

पेटंटचा हट्ट सगळेच धरतात. कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅमला किंवा अल्गोरिदमला पेटंट नाही. पण त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर वाट बंद नाही, असं दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात सांगितलं. म्हणून इंजिनिअरच्या शेजारी खुर्ची ओढून बस. मेमरी कमी लागते का, यंत्र लवकर उत्तर देतं का, ते त्याच्याच तोंडून काढ. आणि हे बाहेर कुणाला दाखवलंय का, हे आधी विचार. एखाद्या कार्यक्रमात हौसेने डेमो देऊन झाला असेल, तर नावीन्यच गेलं समज. वेळ असेल तर तात्पुरता अर्ज टाकून घ्यावा. पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

एक गोष्ट तुझ्या दारातली. आरेतल्या आदिवासी पाड्यांत भिंतींवर वारली चित्रं असतात. उद्या एखाद्या कंपनीचा डिझायनर फोटो काढून त्याचे आयकॉन करील आणि म्हणेल, ‘लोककला आहे, कुणाचीच नाही.’ वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. शिवाय आज हयात असलेल्या बाईने काढलेलं चित्र तिचं स्वतःचं. ती असेपर्यंत आणि पुढे साठ वर्षं त्यावर कॉपीराइट राहतो. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाला कायद्यात जी सूट आहे, ती भिंतीवरच्या चित्राला लागत नाही. अशील कंपनी असली तरी हे तिला तोंडावर सांगायचं, परवानगी आणि मोबदल्याचा कागद करून द्यायचा. मला विचारशील तर असा कागद करण्यात खरी वकिली आहे, नोटिशी धाडण्यात नाही.

वाचायला सुरुवात टिप्स विरुद्ध विंक या निकालापासून कर. गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना रेडिओ-टीव्हीपुरताच, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला नाही, असं आपल्या हायकोर्टात न्या. काथावाला यांनी २०१९ मध्ये ठरवलं. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. एका कलमाच्या वाचनावर अख्ख्या धंद्याचं गणित फिरलं. मग गायक अरिजित सिंग यांच्या खटल्यातला २०२४ चा आदेश घे. एआयने हुबेहूब आवाज उचलण्याला तिथे हायकोर्टाने मनाई केली आहे.

आणि बसमध्ये फोनवर कामाचं बोलू नकोस. मरोळच्या बाजूने येणाऱ्या गाडीत तुझ्यामागे उभा असलेला पोरगा सीप्झमधल्या प्रतिस्पर्धी कंपनीचा असू शकतो. ताई रोज रात्री खोदून खोदून विचारील, तिला जेवणाखाण्याचं सगळं सांग. अशिलाचं नाव तिलाही नाही.

तुझी,
मावशी