पायांचे वैद्य आणि राज्याचा परवाना

मधुमेही रुग्णाच्या पायावरील लहानशी जखम दुर्लक्षामुळे पाय गमावण्यापर्यंत जाते, हे आपण जाणताच. अमेरिकेत पायांच्या उपचारांसाठी ‘पोडियाट्रिस्ट’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. चार वर्षांची डी.पी.एम. पदवी, राष्ट्रीय परीक्षा आणि त्यापुढे साधारणतः तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण, एवढे झाल्यावरही परवाना मात्र ज्या त्या राज्याचाच लागतो. घोट्यावरील शस्त्रक्रियेची मुभादेखील राज्यागणिक बदलते. माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरास हा पसारा प्रथम अनाठायी वाटला. परंतु शस्त्र कोणाच्या हाती द्यावे, याचा हिशेब काटेकोरच हवा. तेथे मुलांकडे राहावयास जाणाऱ्या मधुमेही ज्येष्ठांनी पाय दाखविण्यापूर्वी परवान्याची खातरजमा अवश्य करावी. राज्य मंडळांच्या संकेतस्थळांवर डॉक्टरांच्या नावानिशी ती करता येते.