पाखरांनी खाल्लेले बी

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) वाटेवर पडलेले बी पाखरे खाऊन टाकतात व ते वाया जाते. शेतापुरते हे खरे. वनात मात्र खाणे हेच पुष्कळदा पेरणे असते.

अभनपूरच्या दक्षिणेस, धमतरीपलीकडील सीतानदीच्या वनांत पाहा. सालाचे पंखयुक्त बी वाऱ्याने थोडेच दूर जाते, आणि आठ-दहा दिवसांत ओल न मिळाल्यास निर्जीव होते. मोहाचे जड बी वारा उचलू शकत नाही. ते काम वटवाघूळ करते. (लेवीय ११:१९ मध्ये हाच जीव निषिद्ध ठरला आहे!) ते फळ दूर नेते, गर खाते व बी टाकते. फुले वेचण्याकरिता लोक मोहाखालचा पाला जाळतात. तेथील कोवळी रोपेही त्यात जळतात. दूर पडलेले बीच बहुधा वाचते.